घसरगुंडीपाशी अडकलेली चारशे माणसं

"वैशाली, यात्रा भरलीया काय गं?"

आमचे मालक अण्णा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते. स्क्रीनवर आमचं प्राणिसंग्रहालय होतं. हत्ती एकटाच सोंड हलवत उभा. वाघासमोर कुणी नाही. पाणघोड्याच्या तळ्याकडं तर कुणी फिरकलेलंसुद्धा नव्हतं. आणि घसरगुंडीच्या कुंपणाला चिकटून चारशे बारा माणसं उभी होती. भांडत नव्हती, फिरत नव्हती, नुसती उभी.

"किती वेळ झाला?"

"गेममधले दोन दिवस."

"दोन दिवस? जेवली तरी काय ही?"

"नाही अण्णा. सगळ्यांच्या भुकेचा आकडा शंभराला टेकलाय. तरी हलत नाहीत."

अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "गुरुवारी हे दाखवायचंय." तो शुक्रवार होता.

आधी थोडं मागचं सांगते. मी गेम प्रोग्रामर आहे. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, "मजा आहे बाबा, दिवसभर खेळतच असता की!" आचाऱ्याला जितकं जेवायला मिळतं तितकंच मला खेळायला मिळतं. आमचा गेम प्राणिसंग्रहालय बांधायचा आहे. खेळणारा जागा निवडतो, पिंजरे बांधतो, प्राणी आणतो, रस्ते काढतो. मग गेटातून माणसं आत येतात. ही माणसं कॉम्प्युटरनं चालवलेली. त्यांना आम्ही गेस्ट म्हणतो. प्रत्येक गेस्टला भूक, दम, कंटाळा आणि समाधान यांचे शून्य ते शंभर असे आकडे असतात. कंटाळा वाढला की तो नवा प्राणी शोधतो, दमला की बाक शोधतो. समाधानी होऊन घरी गेला तर दुसऱ्या दिवशी जास्त गेस्ट येतात. या माणसांची डोकी चालवणं हे माझं काम. प्राणी, झाडं, घसरगुंड्या काढणं हे इम्रानचं. तो आमचा आर्टिस्ट, इथंच बेळगावच्या खडेबाजारात वाढलेला, हत्तीच्या कातडीवरच्या सुरकुत्यांसाठी चार दिवस घालवणारा माणूस.

आमचा स्टुडिओ खासबागेत आहे. स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. गिरणी चालू झाली की माझा माउस आपोआप डावीकडं सरकतो. मालक अण्णा. निपाणीकडच्या शेती-व्यापारवाल्या जैन घरातले. घरच्या धंद्यात बसायचं सोडून ह्यांनी गेमची कंपनी काढली, म्हणून त्यांचे चुलते अजून त्यांना "काय, खेळ चाललाय न्हवं?" असं विचारतात. अण्णा रागावले की कन्नडमध्ये जातात, फारच रागावले की गप्प बसतात.

गेम विकणारी कंपनी परदेशातली. तिला पब्लिशर म्हणतात. त्यांच्याकडून क्लारा नावाची बाई दर गुरुवारी व्हिडिओ कॉलवर येते. खेळणाऱ्यांची सगळ्यात मोठी मागणी होती, की प्राणिसंग्रहालयात मुलांना खेळायची जागा हवी. घसरगुंडी, झोपाळे, चढायची दोरी. क्लारानं आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. हे जमलं तर पुढचं वर्षभराचं काम तुमचं. नाही जमलं तर गेम बेंगळूरच्या एका मोठ्या स्टुडिओकडं जाईल.

गेम तिकडं गेला असता तर मलाही बेंगळूरला जावं लागलं असतं. त्यांनी तसं कळवलंही होतं, प्रोग्रामर हवा आहे म्हणून. मी नऊ वर्षं तिथं काढलीत. पोरगी झाली तेव्हा हट्टानं हिंडलग्याला परत आले. आता सकाळी पोरीला शाळेत सोडून वीस मिनिटांत ऑफिसला पोचते, दुपारी घरचं गरम जेवते, परसात भाजी आहे. मला जायचं नव्हतं. अजिबात जायचं नव्हतं. आणि ते सगळं त्या चारशे बारा माणसांवर अडलं होतं.

आता ती अडकली का, ते सांगते.

पहिल्यांदा मी सोपं लिहिलं होतं. पोर घसरगुंडीवर गेलं, तीन मिनिटं खेळलं, की मजेचा आकडा भरतो आणि ते गुमान बाहेर येतं. क्लाराकडच्या तपासणाऱ्या लोकांनी हे बघितलं आणि एकाच ओळीचा शेरा पाठवला, "असं कुठलं मूल आपणहून बाहेर येतं?" बरोबर होतं त्यांचं. मलाच लाज वाटली. मी स्वतः एका पोरीची आई. माझी सई घसरगुंडीवरून आजवर एकदाही आपणहून उतरून घरी आलेली नाही.

म्हणून मी नियम बदलला. आई हाक मारेल तेव्हाच पोर बाहेर येईल. आणि आई कधी हाक मारेल? घरातली सगळी माणसं जमली, पुढं निघायची वेळ झाली, की.

इथंच घोटाळा झाला. कारण आमच्या गेममधलं कुटुंब मी लिहिलेलं होतं, दोन वर्षांपूर्वी, कुणालाही न विचारता. पब्लिशरच्या कागदावर फक्त "फॅमिली ग्रुप" एवढंच होतं. मी विचार केला, फॅमिली म्हणजे किती? घरातून फिरायला जाताना किती जण असतो ते बोटांवर मोजलं. मी, नवरा, सई. माझी मोठी बहीण आक्का, दाजी, त्यांची दोन पोरं. माझा भाऊ, वहिनी, त्यांची दोन. अकरा. लिहिलं, कुटुंबात जास्तीत जास्त अकरा. आणि आमच्याकडं कुठंही गेलं तरी निघताना एक कार्यक्रम असतोच, डोकी मोजायची. दहा भरली तर कुणी हलायचं नाही. एकजण चहा प्यायला राहिला असेल तर दहा जणांनी उन्हात उभं राहायचं. मी तेही लिहिलं. अकरा भरल्याशिवाय कुटुंब हलणार नाही.

दोन वर्षं ते झकास चाललं. कारण आइस्क्रीम खायला थांबलेला माणूस ते संपलं की परत येतो. खेळायची जागा आली आणि सगळं थांबलं. आई हाक मारणार सगळे जमल्यावर. सगळे जमले असं ठरणार अकरा भरल्यावर. अकरा भरणार पोर बाहेर आल्यावर. आणि पोर बाहेर येणार आईनं हाक मारल्यावर. प्रोग्रामिंगमध्ये याला डेडलॉक म्हणतात. खडेबाजारात दोन टेम्पो समोरासमोर येतात, दोघंही म्हणतात आधी तू मागं घे, तसं. कुणाचंच चुकत नाही आणि कुणीच हलत नाही.

इम्रान माझ्या स्क्रीनकडं बघून म्हणाला, "मॅडम, हे तर आमचे नातेवाईक दिसतात."

"गप बस रं."

"खरंच सांगतो. मागच्या वर्षी लग्नाला निघालो, तर मामू भरले नाहीत म्हणून दोन तास गाडी उभी होती. आणि मामू गाडीतच मागं झोपलेले."

संध्याकाळी क्लाराला कॉल लावला. न लपवता सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, "पण कुटुंबात अकरा माणसं का आहेत?"

"असतात म्हणून."

"कुणाच्या?"

मी काही बोलणार तेवढ्यात अण्णांनी टेबलाखालून पाय मारला. क्लारा म्हणाली, "चार करा. आई, वडील, दोन मुलं. मोजणी काढून टाका. तीन मिनिटं झाली की आई हाक मारेल. संपलं."

कॉल बंद झाला. मी भडकले. म्हटलं, "अण्णा, तिला काय कळतं! चार माणसं म्हणजे काय फॅमिली झाली? ती तर रिक्षा झाली."

"लई शानपणा करू नको," अण्णा म्हणाले. "तिचा गेम हाय, तिचं कुटुंब. चार म्हणतीया तर चार कर. उद्याच्या उद्या."

शनिवारी मी नाक मुरडत चार केले. मोजणी काढली. गुंता सुटला, हे कबूल करते. माणसं हलायला लागली. पण अर्ध्या तासात दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. पोरं आत खेळत, तोवर आई आणि बाप दोघंही कुंपणाला टेकून उभे. वाघ बघायला कुणी जाईना. तीन मिनिटांनी आई हाक मारी, पोर अर्ध्या खेळातून उठे, रडे, समाधानाचा आकडा धाडकन खाली. बापाचा कंटाळा आधीच वर गेलेला. मग चौघंही तोंड पाडून थेट गेटाबाहेर. प्राणिसंग्रहालयात येऊन एकही प्राणी न बघता घरी! जितकी मोठी खेळायची जागा बांधू तितकं प्राणिसंग्रहालय ओस. खेळणाऱ्यांनी आम्हाला शिव्याच घातल्या असत्या.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"आता उद्या रविवार आहे," मी म्हटलं. "उद्या मी खरं बघून येते."

हायवेला लागून एक प्राणिसंग्रहालय आहे, निपाणीहून बेळगावला येताना वाटेतच पडतं. मी आक्काला फोन केला. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, निपाणीजवळ दिलेली. शेत, गोठा, दोन पोरं आणि दाजी एवढं सांभाळते, त्यात दाजी सगळ्यात अवघड. म्हटलं, "उद्या पोरांना घेऊन येतीस काय?" तिनं "का?" सुद्धा विचारलं नाही. म्हणाली, "किती जण? अकराच न्हवं?"

रविवारी आम्ही अकरा जण गेटाशी जमलो. डोकी मोजली. दहा भरली. भाऊ पार्किंगमध्ये कुणाशी तरी बोलत उभा होता, त्याच्यासाठी थांबलो. मी वही काढली.

आत गेल्यावर वाघाच्या आधी झोपाळे दिसले आणि पाचही पोरं उधळली. मी घड्याळ लावलं. लिहायला लागले, कोण कुठं गेलं, कोण कुठं थांबलं. आक्का बाकावर बसली, पायाशी पिशवी ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"फिराय आलीयास का शिरगणती कराय?"

"काम आहे गं."

"मग आमास्नी कशाला आणलंस? कामाची माणसं म्हणून?"

"व्हय," मी म्हटलं. ती हसली.

मग जे झालं ते मी आयुष्यभर बघत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा लिहून घेतलं. कुणी काही ठरवलं नाही. पोरांनी चपला काढून आक्काच्या पायाशी टाकल्या. वहिनीनं पर्स तिच्या मांडीवर ठेवली. दाजींनी फोन दिला. आक्का म्हणाली, "जावा बघून या. मी हाय हितं." आणि मी सोडून बाकीची चार मोठी माणसं वाघाकडं निघाली. कुणी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. पोरं आक्काला दिसत होती, आक्का पोरांना दिसत होती. तेवढ्यावर सगळं चाललं होतं.

मी वहीत लिहिलं, थांबणारं माणूस एक. बाकी सगळे मोकळे.

पाऊण तासानं सगळे परत आले. आता हाक मारायची वेळ. मी पेन सरसावून बसले. आक्का हाक कशी मारते, किती वेळा, कुठलं पोर पहिलं येतं, सगळं मला हवं होतं. आक्कानं हाक मारलीच नाही. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं. तिखट-मिठाच्या पुऱ्या होत्या, वर भडंगाची पुडी. झाकणाचा आवाज झाला आणि घसरगुंडीवरची सई खाली बघायला लागली. मग बाकीची. मिनिटभरात पाचही पोरं बाकाभोवती. रडणं नाही, ओढणं नाही. खाल्लं, चपला घातल्या, अकरा मोजले, निघालो.

"आक्का," मी म्हटलं, "हाक का मारली नाहीस?"

"मारून कोण येतंय?"

सोमवारी मी नवाच्या आधी ऑफिसात होते. अण्णांना सगळं सांगितलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे तू परत अकराच करणार."

"अकरासुद्धा आणि चारसुद्धा. खेळणाऱ्यांना दोन्ही दिसतील. आणि मोठ्या कुटुंबात एक आक्का."

"क्लारा वरडंल."

"वरडू दे. चालल्यावर गप्प बसेल."

"आणि न्हाय चाललं तर?"

अण्णा उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "कर," म्हणाले. एवढंच.

तीन दिवस मी आणि इम्राननं मान वर केली नाही. मी लिहिलं, मोठ्या कुटुंबातलं एक मोठं माणूस खेळायच्या जागेपाशी बाकावर बसेल, बाकीचे प्राणी बघतील. ते परतले की बाकावरची बाई डबा उघडेल. डबा उघडला की पोरांची भूक मजेवर मात करेल आणि ती बाहेर येतील. डब्यात वीस पुऱ्या. इम्राननं बाई काढली. जांभळी साडी, मांडीवर पर्स, पायाशी चपलांचा ढीग. चपलांसाठी त्यानं पुरता एक दिवस घातला. मी ओरडले, तर म्हणाला, "मॅडम, चपला नसतील तर ती नुसतीच बसलेली बाई दिसते." खरं होतं. बुधवारी दुपारी आमचं प्राणिसंग्रहालय, मोठ्या कुटुंबांनी भरलेलं, झकास चालत होतं. वाघासमोर गर्दी, घसरगुंडीवर पोरं, बाकावर आक्का. अण्णांनी खालून सगळ्यांसाठी भजी मागवली.

गुरुवार. कॉल सुरू झाला. क्लारा हसली, बरं वाटलं. मग म्हणाली, "तुमचं प्राणिसंग्रहालय नको. मी माझं लावते." तिनं स्वतः बांधलेलं उघडलं. त्यात बहुतेक कुटुंबं चौघांची, मधूनच एखादं मोठं. आमची नवी खेळायची जागा तिनं मधोमध ठेवली आणि गेम चालू केला.

दहा मिनिटांत कुंपणापाशी आई-बापांची रांग लागली. सगळी चार-चारची कुटुंबं. त्यांच्यात आक्का नव्हतीच. आई इकडं उभी, बाप तिकडं उभा, वाघासमोर कुणी नाही. शनिवारचाच तमाशा.

क्लारा काही रागावली नाही. तेच वाईट होतं. ती म्हणाली, "कल्पना छान आहे. पण ही फक्त तुमच्यासारख्या कुटुंबांना उपयोगी आहे. माझे बहुतेक खेळणारे असे नाहीत."

मी आमचा माइक बंद केला. डोळ्यांसमोर बेंगळूर आलं, सकाळची दीड तासाची बस आली, सईची नवी शाळा आली. अण्णा कन्नडमध्येसुद्धा गेले नाहीत.

इम्रान स्क्रीनच्या अगदी जवळ वाकून बघत होता. "मॅडम," तो म्हणाला, "ही बाई अशी काय करतीया?"

"कशी?"

"हे बघा की. बाजूला दुसऱ्याचं पोर उभं हाय. अगदी मांडीला टेकून. ही समोर बघत बसलीया. डबा उघडला, आपल्या पाचांना दिलं, ते पोर तसंच उभं. असली कसली बाई?"

मी बघितलं. खरंच तसंच होतं. आणि मला माझी ओळ आठवली. सोमवारी मीच लिहिलेली. पोर त्याच कुटुंबातलं असेल तरच. कुणी सांगितलं नव्हतं. प्रोग्रामरची सवय. कुठलीही वस्तू कुणाची ते आधी ठरवायचं, ज्याची त्यालाच द्यायची, म्हणजे घोटाळा होत नाही. मला स्वतःचाच राग आला. आमच्या आक्कासमोर दुसऱ्याचं पोर उपाशी उभं राहील आणि ती डबा झाकेल? तिला हे दाखवलं असतं तर तिनं माझं थोबाड फोडलं असतं.

"अण्णा, चार मिनिटं. तिला बोलण्यात गुंतवा."

"काय बोलू मी?"

"काहीपण! पुरी म्हणजे काय ते सांगा."

अण्णांनी माइक चालू केला आणि क्लाराला पुरी म्हणजे काय ते सांगायला लागले. कणकेपासून. मी ती ओळ काढली. एकच ओळ. आक्काच्या नजरेच्या टप्प्यात असलेलं कुठलंही पोर, ते तिचं. आणि पोराजवळ आक्का बसलेली असेल तर त्याच्या आई-बापाला मोकळीक. गेम नव्यानं तयार करायला लावला. खाली गिरणी चालू झाली, माउस डावीकडं पळायला लागला. मी तो हातानं दाबून धरला. अण्णा तेल किती तापवायचं इथपर्यंत आले होते.

नवा गेम क्लाराकडं पाठवला. तिनं चालू केला.

पहिलं चौघांचं कुटुंब आलं. पोरं आत पळाली. आई-बाप कुंपणाशी थांबले. मग बापानं बाकाकडं मान वळवली, आईनं वळवली, आणि दोघं वाघाकडं चालायला लागले. त्यांच्यामागून दुसरं जोडपं. मग तिसरं. रांग विरघळली. हत्तीसमोर माणसं, पाणघोड्यासमोर माणसं. समाधानाचे आकडे सरसर वर. आक्का आपली मधोमध बसलेली, भोवती चपलांचा डोंगर. इम्राननं हळूच माझ्या खुर्चीवर बुक्की मारली.

बाकीचे परतले. आक्कानं डबा उघडला. घसरगुंडीवरची झाडून सगळी पोरं बाहेर आली, तिची आणि परकी. सगळ्यांनी खाल्लं.

आणि तेवढ्यात क्लारानं आक्कावर क्लिक केलं. गेस्टवर क्लिक केलं की त्याच्याजवळ काय आहे ते दिसतं. तिथं लिहिलेलं होतं, पुऱ्या उणे नऊ.

मी डोळे मिटले. वीस पुऱ्यांच्या डब्यातून एकोणतीस पोरांनी खाल्लं होतं. आकडा शून्याच्या खाली जाणार नाही हे मी बघायलाच विसरले होते. शाळेतलं पोरसुद्धा अशी चूक करत नाही.

"तिनं नसलेल्या नऊ पुऱ्या कशा दिल्या?" क्लारानं विचारलं. "हा बग आहे ना?" बग म्हणजे प्रोग्राममधली चूक.

मी हो म्हणणार होते. अण्णा आधी बोलले. इंग्रजीत, छाती काढून. "नो बग. शी विल अॅडजस्ट."

मग क्लारा इतकी हसली की तिचा कॅमेरा हलायला लागला. हसता हसता म्हणाली, "माझी आजी असंच करायची." मग तिनं डोळे पुसले आणि वर्षभराचं काम आमचं आहे असं सांगितलं. एकच अट. उणे आकडा खेळणाऱ्याला दिसता कामा नये.

कॉल संपल्यावर मी रडले. लाजत नाही सांगायला. अण्णा म्हणाले, "आता रडतीस कशाला? घरी जा, पोरीला घे." मी गेले.

उणे आकड्याचं काम दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत झालं. डबा रिकामा व्हायला आला की तो आपोआप भरतो, असं लिहून टाकलं.

पुढच्या रविवारी आक्का हिंडलग्याला आली तेव्हा मी लॅपटॉप उघडून तिला दाखवलं. म्हटलं, "ओळख, ही कोण." तिनं चष्मा लावला. साडी बघितली, चपला बघितल्या. गालात हसली. "लई जाड काढलंय मला." मग बराच वेळ बघत राहिली. पोरं येत होती, खात होती, जात होती.

"एवढी पोरं. डबा संपत न्हाय व्हय?"

"नाही. आपोआप भरतो."

"कोण भरतंय?"

"कुणी नाही गं. आपोआप."

आक्कानं चष्मा काढला. "मग ती मी न्हवं. मला चारला उठाय लागतंय." आणि चहा टाकायला आत गेली.

ती रागावली नव्हती. जे आहे ते सांगितलं होतं. पण मी लॅपटॉपसमोर बसूनच राहिले. त्या रविवारची माझी वही काढली. सगळं होतं त्यात. कोण कुठं गेलं, किती वाजता परत आलं, डबा कधी उघडला. डबा कुणी, किती वाजता भरला, ते कुठंच नव्हतं. मी गेटापासून लिहायला सुरुवात केली होती.

पुढच्या खेपेला फिरायला निघालो तेव्हा पुऱ्या मी तळल्या. पहाटे चारला उठून, अकरा जणांच्या. निम्म्या करपल्या, उरलेल्या फुगल्या नाहीत. आक्कानं दोन खाल्ल्या आणि पाणी मागितलं.

तेव्हापासून प्रोग्राम लिहिताना "आपोआप" हा शब्द आला की मी थांबते आणि त्या जागी कोण आहे ते शोधते. बहुतेक वेळा कुणीतरी सापडतं.

गेममध्येही एक बारीक बदल केला. खेळायची जागा असलेला अपडेट बाहेर पडून आता बरेच दिवस झाले, लोकांना आवडलाय. पण अधूनमधून खेळणाऱ्यांची एक तक्रार येते. गेटातून येणाऱ्या सगळ्या गेस्टचा दमल्याचा आकडा शून्य असतो, मग जांभळ्या साडीतली ही एकच बाई आत पाऊल टाकते तेव्हाच तिचा आकडा चाळीस कसा? त्या तक्रारींना उत्तर मी स्वतः लिहिते. आकडा बरोबर आहे. या बाई पहाटे चारला उठल्या आहेत.